निळा पट्टा

थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. आप्पांच्या पायावर कुदळ बसली. माझे वडील असे, की जखम त्यांनी कुणाला दाखवलीच नाही. दाखवली तेव्हा ती चिघळली होती. शहर लांब. जवळ फक्त दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकी दिवस एकटा कंपाउंडर.

डॉक्टर म्हणाले, "रोज पट्टी बदला. नाहीतर पाय जाईल."

त्या दवाखान्यात माणसं रांगेत उभी राहत नसत. चपला रांगेत लावायच्या आणि सावलीत बसायचं. कंपाउंडर दारात येऊन चपला बघूनच हाक मारायचा, "तुटका अंगठा, आत या! लाल बूट, तयार राहा!" आप्पांच्या पायाला पट्टी, म्हणून रांगेत चपला माझ्या, निळ्या पट्ट्याच्या.

"निळा पट्टा, आत या!"

...आणि आप्पांच्या आधी मीच उठायचे.

तो जमिनीवर बसून आप्पांचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायचा. वासाने मी तोंड फिरवायचे. त्याने कधी नाक मुरडलं नाही. चिकटलेली पट्टी पाण्याने भिजवून इतकी अलगद सोडवायचा, की मी बघतच राहायचे. असा माणूस मी पाहिला नव्हता.

"दुखलं का, आप्पा?"

"मला नाही. हिलाच विचारा, ओठ चावून बसलीय."

"मग यांना बाहेर बसवू?"

"नको!" मी म्हणाले... जरा जास्तच पटकन. तो मान खाली घालून हसला.

जखम भरत आली. घरात सगळ्यांना आनंद. मलाही होताच, पण घास उतरेना. शेवटी तो म्हणाला, "आता यायची गरज नाही." बोलताना माझ्याकडे बघत होता, आणि गुंडाळलेली पट्टी पुन्हा उलगडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चपला जागेवर नव्हत्या. आप्पाही नव्हते. वहिनी म्हणाली, "दवाखान्याकडे गेले, हातात काहीतरी होतं." मी तशीच अनवाणी पळाले. पोचते तोच दारातून हाक –

"निळा पट्टा, आत या!"

सावलीतल्या बायका खुदखुदायला लागल्या. आप्पा त्यांच्यात बसून मजेत म्हणाले, "जा गं. पाय माझा बरा झाला, तोंड तुझं उतरलंय. दाखवून ये."

आत गेले. तो उभाच होता.

"काय होतंय?"

"काही नाही..."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा पट्टी सोडवलीत ना – तेव्हापासून."

त्याचे कान लाल झाले. "मलाही तेव्हापासूनच," तो म्हणाला. "आणि कपाटात यावर औषध नाही, सगळं शोधून झालं. तुमच्या घरी येऊन विचारू का आप्पांना?"

"घरी कशाला? ते बाहेर बसलेत."

खिडकीतून आवाज आला, "विचारा की, कंपाउंडर! किती वेळ बसवताय?"

त्याच उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

माझा मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी आप्पा गेले. शेवटपर्यंत दोन्ही पायांवर चालत होते. हे गेल्या थंडीत गेले, पहाटे, झोपेत.