सहा बँका आणि संघपाल

माझ्या फॉर्मवर एका मिशीवाल्या माणसाचा फोटो चिकटवलेला होता... आणि तो माणूस माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता.

राजकमल चौकाजवळच्या त्या बँकेत काउंटरवरच्या साहेबांनी आमचे दोघांचे फॉर्म एकदमच घेतले, दोन्ही फोटोंना एकदमच डिंक लावला, आणि 'नीलम जानराव खंडारे' या नावापुढे ती मिशी येऊन बसली. मी फॉर्म त्याच्यासमोर धरला.

"हे तुमीच ना?"

त्यानं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मीच हाये. पण माहं नाव नीलम हाये, हे मले आजच समजून राहिलं."

मी हसले. बँकेत, मोठ्यानं. दारावरचा वॉचमन वळून पाहायला लागला.

त्याच्या फॉर्मवर अर्थात मी होते. त्यानं नखानं, श्वास रोखून, माझा फोटो अलगद सोडवला. स्वतःचा मात्र टरकन ओढला आणि अर्धी मिशी माझ्या फॉर्मवरच राहिली.

"जाऊ द्या," तो म्हणाला, "माह्यापाशी अजून चार हायेत. तुमचा नीट निघाला, बस झालं."

त्याचं नाव संघपाल तायडे. अकोल्याचा. वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीतली नोकरी सोडून तो अमरावतीत स्वतःचं काटेदुरुस्तीचं दुकान काढत होता; वरूड-परतवाड्याचे संत्रा व्यापारी हे त्याचं गिऱ्हाईक. मी वलगावची. घरामागच्या शेडमध्ये माझ्या चार शिलाई मशिनी, आणि हातात आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर. अकोल्याच्या एका हॉस्पिटलला तीनशे चादरी आणि दोनशे गाऊन हवे होते. अट एकच. पैसे फर्मच्या नावाच्या चालू खात्यातच देणार, आणि खाते नंबर वीस डिसेंबरपर्यंत कळवायचा. नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला. त्या दिवशी आठ तारीख होती.

साहेबांनी माझे कागद चाळले आणि चष्म्यावरून पाहिलं. "सोबत कोणी नाही का? वडलांना घेऊन या. किंवा मिस्टरांना."

"धंदा माझा आहे, सर."

"ते बरोबर आहे हो... पण उद्या काही झालं तर कोणी जबाबदार माणूस..."

मी कागद उचलले आणि उठले. पायऱ्यांवर पोचते तोच संघपाल मागून आला. त्यालाही परत पाठवलं होतं. आधार कार्डावर अकोला, तर खातं अकोल्यातच काढा म्हणे.

"गिला वडा खाता का?" त्यानं विचारलं. "रागावर चांगला असते."

गाडीवर उभ्या उभ्या ते दह्यात भिजलेले वडे खाताना आमचं ठरलं. गावात आणखी चार बँका पाहण्यासारख्या होत्या. दोन त्यानं पाहायच्या, दोन मी. पण चौकशी दोघांचीही करायची.

त्या संध्याकाळपासून माझ्या फोनवर त्याचे व्हॉइस मेसेज यायला लागले.

"ब्यांक नंबर दोन. एसी भारी. कॉफी फुकट. पण खात्यात कायम पंचवीस हजार ठेवा लागतेत, नाई तर दर महिन्याले कापतेत. तुमच्यासाठी नाई. गेल्याच तर कॉफी पिऊन घेजा."

मशीन चालवता चालवता मी तो मेसेज तीनदा ऐकला. माहिती पहिल्यांदाच कळली होती. पुढचे दोनदा... कॉफीसाठी असतील.

तिसऱ्या बँकेत मी गेले. तिथला तरुण साहेब खात्याआधी विम्याचंच बोलायला लागला. माझं झाल्यावर संघपालची चौकशी केली, तर त्यानं पेन सरसावलं. "त्यांचं लग्न झालंय का?"

मी तिथूनच फोन लावला. "ऐका ना... इथले साहेब विचारून राहिले, तुमचं लग्न झालं का?"

"साहेबच विचारून राहिले ना?"

"...हो. साहेबच."

"मंग सांगा साहेबाले. नाई झालं." आणि हळूच, "अजून."

साहेबांनी काय लिहिलं ते मला आठवत नाही. माझे कान गरम झाले होते.

आठवडाभर आम्ही रोज दुपारी पंचवटी चौकात भेटत होतो. थंडीचं कोवळं ऊन, त्याच्या जॅकेटला ग्रीसचा वास. दही त्याला फार आवडायचं, पण माझं संपलं की तो स्वतःच्या प्लेटमधलं माझ्याकडे सरकवायचा, आणि मान दुसरीकडे वळवायचा... जणू हे त्याच्या हातानं परस्पर केलं.

तिसऱ्या-चौथ्या बँकेत दोघांचंही जमलं नाही. संघपालचं काम पाचव्या बँकेत झालं. दुकानाचा भाडेकरार त्यांना चालला, आणि व्यापारी रोख देतात तर रोज रोकड भरायची सोयही होती. माझं मात्र अडलं. तिथं नव्या फर्मच्या कागदांना तीन आठवडे लागणार होते. सोळा तारीख उजाडली.

"एक आयडिया हाये," संघपाल म्हणाला. त्या दिवशी तो फार खुशीत होता. "माहं खातं उद्या चालू होऊन राहिलं. आपण भागीदारी दाखवू ना. बिल माह्या फर्मच्या नावानं काढा, पैसे माह्या खात्यात येतीन, मी लगेच तुमाले..."

माझा हात प्लेटवरच थांबला.

"तुमच्या फर्मच्या नावानं?"

"म्हणजे... आपल्या."

"बडनेऱ्याच्या दुकानात पाच वर्षं दुसऱ्याचे कपडे शिवले मी, तेव्हा त्या चार मशिनी आल्या. आठ दिवसांपासून प्रत्येक टेबलावर मला विचारून राहिले, मागं माणूस कोण आहे. आणि आता तुम्ही म्हणता, मी आहे."

"मी तर मदत करून राहिलो होतो, नीलम..."

पहिल्यांदाच त्यानं नुसतं 'नीलम' म्हटलं होतं. ते ऐकायला मी आठवडाभर थांबले होते, आणि ऐकलं ते असल्या वेळी. मी पर्स उचलली आणि ऑटोत बसले.

त्या रात्री मेसेज आला नाही. मीही केला नाही.

सतरा तारखेला वलगाव रोडवरच्या एका जुन्या सहकारी बँकेच्या शाखेत मी एकटीच गेले. एसी नाही, कॉफी नाही, भिंतीला टेकून ठेवलेली एक सायकल. टेबलामागे पन्नाशीच्या शकुन मॅडम. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. वडील येऊ शकतात, लग्न झालेलं नाही...

मॅडमनी विचारलं, "कापड कुठून उचलता?"

मी गोंधळले. "अं... अकोल्याहून. ठोकमध्ये."

"धुतल्यावर आटतं का? हॉस्पिटलवाले रोज उकळतात म्हणून विचारते. महिन्याला किती चादरी निघतात? पैसे एकदम येणार की टप्प्यानं?"

अर्धा तास मी बोलत होते. सहा बँकांमध्ये पहिल्यांदा कोणीतरी माझ्या धंद्याबद्दल विचारत होतं. माझे डोळे भरून आले, तर मॅडम म्हणाल्या, "रडू नका, सही बिघडेल. कागद पूर्ण आहेत. उद्या जागा पाहायला येते. फर्मची पाटी लावून ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीवर उभी राहून पाटी ठोकली. बाबांनी, म्हणजे एसटीतून रिटायर झालेल्या आमच्या कंडक्टर साहेबांनी, खालून शिडी धरली आणि 'अजून थोडं उजवीकडे' असं दहा वेळा सांगितलं. शकुन मॅडम आल्या, मशिनी पाहिल्या, एक चादर हातात घेऊन शिवण ओढून पाहिली. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली.

संघपाल. डोळे तांबारलेले, केस वाऱ्यानं उभे. मॅडमना पाहून तो फाटकातच थबकला.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं. "भागीदार का?"

मी काही बोलायच्या आत तोच पुढे आला.

"नाई मॅडम. याच्यात माहं काईच नाई. धंदा पूर्ण यांचाच हाये, एकल्या यांचाच. मी नुसता..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी नुसता माफी मांगाले आलो."

मॅडमनी वही मिटली. "मग मागा. माझं काम झालं. उद्या खाते नंबर मिळेल."

बाबा त्यांना पोचवायला गेले. अंगणात आम्ही दोघंच, आणि दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी.

"मले समजलंच नाई त्या दिवशी," तो म्हणाला. "घरी गेल्यावर समजलं. मंग फोन कराची हिंमतच होईना."

"दोन दिवस?"

"दोन दिवस दुकानात काटेच उलटेपालटे लावून राहिलो. नीलम... राग गेला का?"

"अर्धा गेला."

"बाकीचा?"

"चहा पिऊन सांगते. बसा... बस." जीभ घसरली खरी, पण मी ती सावरली नाही. तो नुसता हसला, आणि आईनं आणलेला चहा त्यानं तोंड पोळून घेत प्यायला.

एकोणीसला नंबर मिळाला, त्याच दुपारी मी तो हॉस्पिटलला कळवला.

जानेवारीत चादरी-गाऊनचा टेम्पो घेऊन मी अकोल्याला गेले. माल मोजून झाला, पोच मिळाली, आणि सोबत आलेला संघपाल मला त्याच्या घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आईनं, दुर्गाबाईंनी, मला पाटावर बसवलं, आपादमस्तक पाहिलं आणि पोराकडे वळून विचारलं, "विचारलं का गा तुनं हिले?"

"आई!"

"काय आई? महिन्यापासून घरात हेच नाव चालू हाये. पोरी, हा तुले विचारन म्हणून बसशीन तर म्हातारी होशीन. मीच विचारतो..."

"नको काकू," मी म्हणाले. माझाच धीर पाहून मला नवल वाटलं. "त्यालाच विचारू द्या."

दुर्गाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. संघपालनं मिशीवरून हात फिरवला, भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"मले... म्हणजे तू... रोज दुपारी तुह्याशिवाय गिला वडा घशाखाली उतरत नाई, नीलम. लगन करशीन का माह्याशी?"

"माझी शेड वलगावलाच राहील."

"राहू दे ना. दुकान तर अमरावतीलेच काढलं मी."

"फर्म माझी एकटीची."

"तुहीच. मी फक्त चादरीच्या घड्या घालाले येईन. तेही तू म्हणशीन तवा."

तो हे इतक्या कळकळीनं म्हणाला, की पुढच्या अटी मी विसरूनच गेले.

"हो," मी म्हणाले.

"काय हो?"

"अरे... हो!"

आतून दुर्गाबाईंचा आवाज आला, "झालं का गा बोलून? वरण थंडं होऊन राहिलं!"

"झालं!" आम्ही दोघंही एकदमच ओरडलो, आणि तो ताटं आणायला धावला.