रोजची पाव फेरी

बसा, खुर्ची भट्टीजवळ ओढून घ्या. धग आहे अजून. खांबावरच्या खडूच्या रेघांचं मघाशी विचारलंत ना, ते सांगतो.

आमचा घण पाण्यावर चालतो. बाहेर ओढ्यावर लाकडी चाक, आत झाडाच्या खोडाएवढा दांडा आणि दांड्याच्या टोकाला दोघांना उचलणार नाही असं लोखंडी डोकं. या दरीतल्या बादल्या, फावडी, कढया पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याखालीच घडल्या. आता बादली दुकानात प्लास्टिकची मिळते. तरी घण चालता ठेवायचा, हे मी आणि माझा इथला जोडीदार बोर्तोलो, आम्ही दोघांनी ठरवलेलं होतं. काचेआड नुसतं बघायला ठेवलेलं यंत्र मला मढ्यासारखं वाटतं.

चाक मात्र लाडावलेलं आहे. एका जागी उभं राहिलं की त्याची खालची बाजू पाणी पिऊन जड होते आणि वरची वाळून तडकते. मग ठोका लंगडा पडतो. म्हणून रोज चाकावर पाणी सोडणारी पाटाची फळी जराशी उचलायची, चाक पाव फेरी फिरू द्यायचं आणि खांबावर एक रेघ मारायची. ज्याची त्याची रांग वेगळी. माणूस गेला की त्याच्या रांगेखाली आडवी रेघ ओढून ती बंद करतात, पण दुसऱ्या कुणाची रांग चालू असेल तरच. खांब बिनमाणसाचा ठेवायचा नाही, असा इथला रिवाज आहे.

बोर्तोलो डावरा. त्याच्या रेघा डावीकडे कललेल्या, माझ्या उजवीकडे. चाळीस वर्षं आम्ही भांडलो. तो घणाच्या सांध्यांना बैलाची चरबी चोपडायचा, मी डब्यातलं वंगण. "फाउस्तिनो, ते क्रीम बायकोच्या गालाला लाव," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर म्हणायचा. नोव्हेंबरात तो गेला. त्याच्या रांगेखालची आडवी रेघ मीच ओढली.

जानेवारीत मी बर्फावर घसरलो आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. त्रेचाळीस दिवस इस्पितळात. दुखण्यापेक्षा चाकाच्या काळजीनेच जीव खाल्ला. मार्चमध्ये नगरपालिकेचा इंजिनियर तपासणीला यायचा होता. ठोका लंगडा निघाला तर घणाला कायमचं कुलूप लागणार होतं. माझी भाची मारिलेना शाळेत गणित शिकवते. तिला विनवलं, तर म्हणाली, "मामा, दुसरं काहीही सांगा. बोर्तोलोकाका गेल्यापासून मला त्या दारापुढून चालताना पण भीती वाटते."

इस्पितळातून सुटलो त्या दिवशी घरी न जाता तिला गाडी इकडेच वळवायला लावली. तीन वाजले असतील, पण सूर्य डोंगराआड गेला होता आणि आत निळसर अंधार होता. कुबड्या काखेत धरून मी दार उघडलं. बुरशीचा वास येईल असं वाटलं होतं.

वास चरबीचा आला. ताज्या, बैलाच्या चरबीचा.

मी सांध्याला बोट लावलं. मऊ, ओलसर. खिडकीतून चाक पाहिलं, तर ते चहूबाजूंनी सारखंच भिजलेलं. मग खांबाशी गेलो. बोर्तोलोच्या रांगेखाली मी ओढलेली आडवी रेघ होती, आणि तिच्याखाली नवीन रेघा होत्या. सगळ्या डावीकडे कललेल्या. मी मोजल्या. मारिलेनाने मोजल्या. बेचाळीस.

"तू येत होतीस का गं?"

"मी? मामा, किल्ली तर तुमच्याच कोटात होती… आणि कोट तुमच्या उशाशी." तिने माझी बाही धरली. "बेचाळीस कशा? दिवस तर त्रेचाळीस झाले…"

"आजची राहिलीये."

"मामा, चला ना इथून…"

"हळू बोल."

बाहेर पाटाची फळी करकरली. पाणी खळखळलं, चाक एकदा कण्हलं आणि सावकाश फिरू लागलं. पायाखालची जमीन किंचित हलत होती. पाव फेरी झाली आणि पाणी थांबलं. मग आमच्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, लाकडावर खडू घासल्याचा बारीक आवाज आला. मारिलेनाचा श्वास मला ऐकू येत होता. खांबाकडे पाहायला मला बराच वेळ लागला. रेघा त्रेचाळीस झाल्या होत्या.

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त रडू आलं. "बोर्तोलो, आलो रे मी," मी म्हणालो. "दमलास. जा आता." चरबीचा वास तेवढा घटकाभर रेंगाळला.

इंजिनियर आला. मी फळी पूर्ण उचलली आणि घण पडू लागला. त्याने कान लावून शंभर ठोके ऐकले. एकही मागेपुढे नाही. "लंगडता फक्त तुम्ही," असं म्हणून त्याने सही केली. मारिलेना खांबाला हात टेकून उभी होती. ठोक्यागणिक खांब धडधडत होता, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून आली. फळी उचलली, चाक फिरवलं, खडू घेतला आणि आमच्या रांगांशेजारी पहिली रेघ मारली. शिक्षिकेची रेघ, ओळंब्यात धरल्यासारखी सरळ. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन दोन पेले जास्त घेतले.

ही गोष्ट सोमवारची. मंगळवारी सकाळी आलो तर माझ्या रांगेखाली एक आडवी रेघ सुरू झालेली. जेमतेम बोटभर. मी अंगठ्याने पुसली. "अरे, पोरीला अजून घण चालवायला शिकवायचंय," म्हटलं, "इतकी कसली घाई?"

बुधवारी ती पुन्हा होती. दोन बोटं.

मारिलेनाला सांगितलेलं नाही. रोज तिच्या आधी येतो आणि पुसून टाकतो. आज तुम्ही दारात आलात तेव्हा माझा हात खडूने पांढरा होता ना, तो त्यामुळेच. आज ती रेघ पार माझ्या रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत आली होती, फक्त नखाएवढी जागा शिल्लक होती. आणि खडू ठेवायच्या फळीवर, माझ्या वंगणाच्या डब्याशेजारी, कुणीतरी चरबीची वाटी आणून ठेवली होती. अजून कोमट.