रेंजचा दगड

तळोद्याहून मोलगीला निघालेल्या जीपमध्ये माझ्या शेजारी एक तरुण लॅपटॉपची बॅग छातीशी धरून बसला होता. घाटातल्या वळणावर जीपला हिसका बसला आणि तो बॅगेसकट माझ्या खांद्यावर आला.

"लागलं का... लॅपटॉपला?" मी विचारलं.

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक झाले, आणि मी उगाचच बाहेर बघायला लागले.

हेमराज. गाव शहाद्याजवळ, नोकरी पुण्यात. आमचूर विकणाऱ्या एका कंपनीचा कारभार जुन्या कॉम्प्युटरवर चालतो, तो क्लाउडवर न्यायचाय. कुठला क्लाउड ते रंजितामॅडम ठरवणार, "फार कडक आहेत म्हणे," हे त्याने मलाच ऐकवलं. मोलगीत उतरल्यावर आमच्या खरेदी केंद्रावरच्या कोकिळाताईंनी "रंजितामॅडम" अशी हाक मारली आणि मी वळले, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

दोन दिवस तो आमच्या खरेदी केंद्रावर बसून त्याच्या कंपनीचा क्लाउड समजावत होता. अंगणभर आमचुराचा आंबट वास.

"आमचा घेतलात तर वर्षभर मीच तळोद्याला राहणार," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला.

खोटं कशाला बोलू? आलेल्या तीन क्लाउड कंपन्यांत मला त्याचीच चांगली दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी मी त्याला टेकडीवरच्या दगडाशी नेलं. पलीकडच्या पाड्यांना मोबाईलची रेंज फक्त तिथेच मिळते. आमच्या बाया आमचूर मोजतात खाली आणि नोंद पाठवायला चढतात वर. त्याने फोन काढून रेंजच्या दांड्या बघितल्या. मग त्याची ऑफिसातली मराठी गळून पडली आणि घरची अहिराणी आली.

"आमनं लेऊ नका. ते रेंजशिवाय चालत नही. ती दुसरी कंपनीनं फोनमा नोंद ठेवस, रेंज उनी की धाडी देस. तेच ल्या."

"आनि तुम्ही?"

"मी... पुण्याले."

मला त्याचा इतका राग आला, आणि तितकाच तो आवडला. संध्याकाळी मी दुसऱ्या कंपनीच्या कागदावर सही केली. सही करताना डोळे भरून आले.

सकाळी त्याला जीपपर्यंत पोचवायला गेले. हातात त्याच्यासाठी आमचुराची पुडी होती.

"येत्या बाजारले येशात का?" पुडी देत मी विचारलं.

"कसाले? आते काम नही ना."

"काम नही, म्हनीसन तर ईचारी ऱ्हायनू."

त्याचे डोळे बारीक झाले.

"तुम्ही माले आवडतस," तो हळूच म्हणाला. "पहिले सांगतू, तं तुम्ही आमनंच लेतात. म्हनीसन नही सांगं."

बाजाराच्या दिवशी तो आला. लॅपटॉप आणला नव्हता.