न थांबणारा पंप

"ताई! दार उघडत नाहीये!"

पंपघरातून बोक्याची किंकाळी आली आणि ताई दाराकडे धावली. सुट्टीत ताई, चिंगी आणि त्यांचा धाकटा भाऊ बोका आत्याच्या मत्स्यकेंद्रात राहायला आले होते. माशांची टाकी भरून वाहू लागली तरी पंप घरघरतोच आहे, हे बोक्याला विचित्र वाटलं. तो तीन पायऱ्या उतरून आत गेला. मागं दार धाडकन लागलं आणि कडी अडकली.

"पाणी कुठवर आलंय?"

"गुडघ्याच्या वर! लवकर ये ना!"

इंजिनिअरकाका सकाळी पंपाचा नवा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चढवून जेवायला गेले होते. पंपाच्या बटणांच्या पेटीची किल्लीही त्यांच्याच खिशात!

"चिंगी, आत्याला बोलाव! पळ!"

ताई शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे धावली. पडद्यावर 'पातळी: 0' दिसत होतं. शून्य? आणि इकडे पूर आलाय! तिनं प्रोग्रॅम थांबवला. पंप चालूच! 'पंप बंद' ही ओळ while लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, खाली होती. तिथवर प्रोग्रॅम पोचलाच नव्हता.

कॉम्प्युटरच्या शिबिरात शिकलेलं ती पुटपुटू लागली, "पातळी ऐंशीपेक्षा कमी, तोवर पंप चालू... पण पातळी बदलणार कशी? कुणी मोजतच नाहीये!"

तिनं 'पातळी = मोज()' लिहिलं आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

घर्रर्र! पंप थांबेना.

"ताई, कमरेपर्यंत आलं!" बोका आता रडत होता.

तिनं एकेक ओळ पुन्हा वाचली. अन् मग दिसलं. नवी ओळ समासाला चिकटली होती, म्हणजे लूपच्या बाहेर! तिनं चार जागा सोडून ओळ आत सरकवली आणि पुन्हा सुरू केलं.

पातळी: 100. खट्! घरघर थांबली.

एवढ्यात आत्या पहार घेऊन धावत आली. कडी तुटली, आणि ओलाचिंब बोका तिच्या गळ्यात पडला.

"ताई, तू नसतीस तर..." आत्या बोक्याला पदरानं पुसत म्हणाली.

हात न धुताच धावत आलेले इंजिनिअरकाका पडद्याकडे बघून खजील झाले. "मोजायचं मीच विसरलो. शाबास, पोरी! माझी चूक तू पकडलीस."

ताईनं पंपघराच्या दाराकडे बोट दाखवलं. "काका," ती म्हणाली, "आधी दाराबाहेर पंप बंद करायचं बटण बसवा. आज!"

काकांनी लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलला.