विराजरावांची दुसरी किल्ली

विराजराव कोलपांचं मन सकाळी दाढी करताना बंद पडलं आणि दुपारी मिरजेच्या दवाखान्यानं त्यांच्या डोक्यात उसनं मन चालूही करून दिलं. यात कुणाला नवल वाटायचे दिवस सरले होते. आठवणींच्या चोऱ्या वाढल्यापासून प्रत्येकाच्या कानामागे नखाएवढी कुलूपबंद तबकडी असे. सगळं आयुष्य तिच्यात. उसन्या मनाला चालता, जेवता, बोलता येई, आठवण मात्र एकही नसे. ते आठवडाभर मुरलं, की त्याच्याकरवी तबकडी उघडायची. मूळ मालक परत येई, उसनं मन पुसलं जाई.

किल्ल्या दोन. एक मालकाच्या मनात, म्हणजे आतच अडकलेली. दुसरी जोडीदाराच्या आवाजात. कुठलंही वाक्य चाललं असतं, पण आपल्या लोकांनी झाडून सगळ्यांनी लग्नातला उखाणा ठेवला. तीनदा चुकला, की तबकडी कोरी.

ऋजुताबाईंचा उखाणा साऱ्या भावकीला पाठ होता: ‘कुंडीत लावली जास्वंद, तिला रोज नवं फूल, विराजरावांचं नाव घेते, सासर माझं कूल.’ त्या सासरात भरलं ताट भिंतीवर आपटायची विराजरावांची रीत होती. उसन्या मनाचे विराजराव मात्र आठवडाभर स्वतःचं ताट घासून ठेवत होते.

आठवडा सरल्यावर दवाखान्यात ऋजुताबाई जास्वंदीच्या जागी पहिल्यांदा ‘गुलाब’ म्हणाल्या. मग ‘सदाफुली’. डॉक्टर मुल्लाबाईंनी यंत्र थांबवलं.

“काकू, आठवत नाही, की आठवायचं नाही?”

“उघडलं, तर हे कुठं जातील?”

“हे म्हणजे कुणी नाही हो. नुसती सोय आहे. काका आत शाबूत आहेत, झोपल्यासारखे.”

“काल या सोयीनं मला विचारलं, तुम्ही जेवलात का.”

डॉक्टरांनी यंत्र पुन्हा चालू केलं. ऋजुताबाई खणखणीत आवाजात ‘मोगरा’ म्हणाल्या. पडद्यावरचा हिरवा ठिपका विझला.

डॉक्टरांनी कागदावर ‘विस्मरण’ लिहिलं. त्या महिन्यात बऱ्याच बायका विसरल्या होत्या, काही नवरेसुद्धा.

आता हेच मन कायमचं, म्हणून त्याच्यासाठी नवी तबकडी निघाली. दुसरी किल्ली काकूंकडेच ना, असं डॉक्टरांनी रिवाजापुरतं विचारलं.

विराजरावांनी बायकोकडे पाहिलं. नजर आठवडाभर होती तशीच मऊ.

“माफ करा, बाई. तिन्ही वेळा तुम्ही जरासुद्धा अडखळला नाहीत. माझी किल्ली दुसऱ्या कुणाकडे असू द्या.”

मग त्यांनी तिची पिशवी उचलली आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.