लाल मूठ

"माझा भाऊ असा नाही," क्रेनचालकाची थोरली बहीण खासगी तपासनीसाला म्हणाली. "उद्या त्याला खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभं करताहेत."

परवा जेवणाच्या सुट्टीत, कंटेनर रचणाऱ्या फिरत्या क्रेनने यार्डाच्या पर्यवेक्षकाला कंटेनरांच्या रांगेवर चेपले होते. चालक एकटाच डबा खात बसलेला. क्रेनची किल्ली त्याच्या खिशात. दुसरी वर्कशॉपमधल्या खिळ्यावर.

तपासनीस आपल्या मेहुण्याला घेऊन यार्डात पोहोचला.

"मी धावत आलो तेव्हा इंजिन बंद होतं," रखवालदार म्हणाला. "पोलिसांनी सील करेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही."

पोलिसांसमक्ष सील काढल्यावर मेहुण्याने किल्ली फिरवली. दिवाही लागला नाही.

"बॅटरी मेली, भाऊजी."

दुसऱ्या पाळीचा चालक हसला. त्याने शिडीजवळची लाल मूठ फिरवली आणि पडदा उजळला. "मेन स्विच बंद होता, साहेब. आम्ही चालक नुसती किल्ली काढतो. मेन तोडला की घड्याळ पुसलं जातं, मग लावत बसा."

"सुट्टीत तू कुठे होतास?"

"कँटीनमध्ये, पत्ते खेळत. वीस जण हरलेत, कुणालाही विचारा."

वर्कशॉपमध्ये फिटरने ग्राइंडर खाली ठेवला, भिंतीवरचा मेन ओढला, मगच हात पुसले.

"दोन शब्दांसाठी मेन कशाला?" मेहुण्याने विचारले.

"सवय."

भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. "धाकटा भाऊ. फिटरच होता. दोन वर्षांपूर्वी याच क्रेनखाली गेला."

तपासनीसाने त्या अपघाताचा अहवाल मागवला.

संध्याकाळी पोलीस निरीक्षकाच्या खोलीत त्याने फिटर आणि चालकाची बहीण, दोघांना समोर बसवले.

"क्रेन चालकाने चालवली असती, तर उतरताना फक्त किल्ली निघाली असती. इथे मेनही बंद होता. काम संपताच मेन बंद करणारा माणूस मी यार्डात एकच पाहिला, आणि दुसरी किल्ली त्याच्याच खिळ्यावर असते. खुनाचं कारण या अहवालात आहे: 'मृताने मेन बंद केला नव्हता.' खाली सह्या दोन. पर्यवेक्षकाची आणि चालकाची."

"दुरुस्तीला खाली शिरण्याआधी भावाने बंद केला होता," फिटर शांतपणे म्हणाला. "पर्यवेक्षकाला घाई होती. त्याच्या सांगण्यावरून हिच्या भावाने मूठ फिरवून क्रेन सुरू केली, आणि दोघांनी खोटं लिहून दिलं. एकाला मी चेपला. दुसऱ्याला कोठडीत कुजवायचा होता."

"मूठ तशीच सोडली असती, तर मला काही सापडलं नसतं."

"आमच्या घरातला माणूस मेन चालू ठेवून जात नाही." फिटरने बहिणीकडे, मग निरीक्षकाकडे पाहिले. "आता हे तरी खरं लिहा."

चालक दुसऱ्या दिवशी सुटला. बहीण त्याला आणायला गेली नाही.