तीन वेळा हिरवा

चांद्रतळावरच्या सहाव्या दालनाचे दार वाकून निकामी झाले होते आणि बाहेरच्या बोळात शीतयंत्रातला अमोनिया भरला होता. मध्ये होता तो फक्त चौकटीत ताणलेला एक ओलसर पापुद्रा, रोधपट. तो शरयू काळसेकरनेच प्रयोगशाळेत घडवलेला. अलीकडे ती, तळप्रमुख म्हसकर आणि सहा जखमी. बोळातली हवा शुद्ध व्हायला अजून चार तास होते.

रोधपटावर रंग का, असे म्हसकरांनी सकाळी विचारले होते. तिने सांगितले, की पापुद्र्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग उठतात, काही विझतात. डबक्यावरच्या तेलाचे, साबणाच्या फुग्याचे रंग तसेच. द्रावक उडून पापुद्रा पातळ झाला, की रंग बदलतो.

"मग हिरव्या चुड्यासारखा टिकू दे म्हणजे झालं," म्हसकर म्हणाले होते.

तळाच्या शिस्तीप्रमाणे नोंद तासाच्या ठोक्यालाच व्हायची, मध्ये नाही. वहीत तिच्या अक्षरात तीन नोंदी होत्या: हिरवा, हिरवा, हिरवा. रोधपट स्थिर आहे, असे तिनेच ठामपणे सांगितले. म्हणून रोधपटावर नवा थर द्यायच्या द्रवाचा उरलेला एकच डबा म्हसकरांनी भिंतीतल्या झडपेतून सातव्या दालनाला दिला. तिथे तो लगेच वापरलाही गेला.

त्यानंतर अर्ध्या तासाने एका जखमीला पाणी पाजताना तिची नजर सहज दाराकडे गेली. रोधपट लाल होता.

तिच्या आत्ता ध्यानात आले. पापुद्रा झिजतो तसे रंग पुन्हा फिरून येतात. ठोक्याला दिसलेला प्रत्येक हिरवा निराळा होता, आधीच्याहून पातळ.

लाल पिवळा झाला. आता हिरवा यावा म्हणून ती खुळ्यासारखी बघत राहिली. पण पिवळ्यामागून फिकट पांढरा आला. इतक्या पातळ पापुद्र्याला हिरवा उरतच नाही. मग पांढराही गेला.

"शरयूबाई, रंग गेला की. काचेसारखं स्वच्छ दिसतंय," म्हसकर हसून म्हणाले. "सुटलो ना?"

"साहेब, सगळ्यांच्या तोंडाला ओली फडकी बांधा. आधी जखमींच्या."

"का हो?"

इतक्या पातळ पापुद्र्यावरून परतणारे किरण एकमेकांना पुसून टाकतात, हे तिने सांगितले. पापुद्रा अजून आहे की फुटला, ते आता डोळ्यांना कळणार नव्हते. ते नाकालाच कळणार होते.

म्हसकरांनी श्वास रोखून धरला.